दात काढण्याआधी गिळणं पाहा

मा. संपादक,
स. न.

दातांच्या तारांवरच्या आपल्या पुरवणीतल्या लेखावर दोन वाचकांची पत्रं वाचली. एकाच्या मते दात काढायला सांगणारा डॉक्टर पैशांवर टपलेला. दुसऱ्याच्या मते दात काढले की चेहरा बसतोच. मी डॉक्टर नव्हे. देवळात आणि लग्नात सनई वाजवतो. ओठ, गाल आणि जीभ हीच माझी पोटापाण्याची हत्यारं, म्हणून चार ओळी.

माझा धाकटा मुलगा १३ वर्षांचा झाला तेव्हा त्याचे वरखालचे दात इतके पुढे होते की ओठ मिटत नसत. मिटवायला लावले तर हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे पडायचे. पहिल्या दवाखान्यात एक्स-रे काढला, दातांचे साचे घेतले आणि लगेच निकाल दिला: चार उपदाढा, म्हणजे सुळ्यांमागच्या छोट्या दाढा, काढायच्या, मग तारा. पोरगा तोंड उघडं टाकून झोपतो का, हे कुणी विचारलं नाही. तोही सनई वाजवतो असं मीच सांगितलं, तर उत्तर आलं, “मग ते बंद करा.”

सांगलीत दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. बाईंनी आधी पाण्याचा घोट दिला, “गिळ” म्हणाल्या आणि अंगठ्याने त्याचा खालचा ओठ हलकेच खाली धरला. वरच्या-खालच्या दातांच्या फटीतून जिभेचं टोक बाहेर डोकावलं. तेरा वर्षं एका ताटात जेवूनही मला ते कधी दिसलं नव्हतं! मग त्यांनी एकेक नाकपुडी दाबून श्वास घ्यायला लावला. एक बाजू जवळजवळ बंद.

माझी भीती वेगळीच होती: रोज दोन तास फुंकल्यामुळे तर दात पुढे आले नसतील? त्या हसल्या. थोडा वेळ पडणारा जोराचा दाब दातांना फारसा हलवत नाही. हलका, पण तासन्‌तास राहणारा दाब हलवतो. आतून जीभ, बाहेरून ओठ आणि गाल, या दोघांच्या मध्ये दात उभे असतात. अमेरिकेतले दंततज्ज्ञ विल्यम प्रॉफिट यांनी १९७८ मध्ये हे नीट मांडलं, असं त्या म्हणाल्या. म्हणजे सनई निर्दोष. दिवसभर दातांना टेकून बसलेली जीभ आणि उघडे ओठ हे खरे कारभारी. गालाच्या स्नायूला वैद्यकात बक्सिनेटर म्हणतात, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ तुतारी वाजवणारा, हेही तिथेच कळलं. आमच्या धंद्याचा एवढा मान डॉक्टरांच्या पुस्तकात असेल असं वाटलं नव्हतं.

आता ‘दात काढूच नका’वाल्यांसाठी. दात बाईंनीही काढायलाच सांगितले. एक उपदाढ साधारण ७ मिलिमीटर रुंद. तेवढी जागा झाल्याशिवाय पुढचे दात मागे जाणार कुठे? हा वाद काही आजचा नाही. दात सरळ करण्याच्या आधुनिक शास्त्राचे जनक मानले जाणारे अमेरिकेतले एडवर्ड अँगल दात काढण्याच्या कट्टर विरोधात होते. पण त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी १९४० च्या सुमारास, न काढता केलेल्या आपल्याच फसलेल्या केसेस दात काढून पुन्हा केल्या. चेहऱ्याचं म्हणाल तर ज्याचे ओठ आधीच पातळ आणि आत आहेत, त्याचे दात मागे नेणं चूक. आमच्याकडे उलट प्रकार होता.

फरक पडला तो क्रमात. आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडून ॲलर्जीचा उपचार, मग टाळूला जीभ लावून गिळायचा रोजचा सराव, मग दात. दात काढल्यावर जखमेवरची गुठळी निघू नये म्हणून काही दिवस सनई बंद. पुढे तारांनी ओठ आतून सोलले जात, तेव्हा तारांवर मेण लावून वाजवायचा. पहिला महिना सूर इतका डळमळायचा की त्याची आजी देवघरातून ओरडायची, “कोण रे ते?”

दात काढा किंवा काढू नका, ते तुम्ही आणि डॉक्टर बघा. सही करण्याआधी एवढंच म्हणा: याला एक घोट पाणी पाजून बघा.

परवा तारा निघाल्या. ओठ मिटून बसला होता, हनुवटी गुळगुळीत. रिटेनरची, म्हणजे दात पुन्हा सरकू नयेत म्हणून लावायच्या पट्टीची, डबी आता सनईत फुंकायच्या पत्तीच्या डबीशेजारी असते. दोनदा चुकून भलतीच उघडून झाली.

– एक सनईवादक, मिरज