शब्दकोशातील शेजार आणि शब्दांचे नाते

महोदय,

शालेय विद्यार्थ्यांच्या हाती जे इंग्रजी-मराठी शब्दकोश पडतात, त्यांत उच्चार असतो, अर्थ असतो, क्वचित एखादे वाक्यही असते. व्युत्पत्ती मात्र सहसा गाळलेली असते. अनेक वर्षे इंग्रजी शिकविल्यावर माझे असे मत झाले आहे की, वर्णक्रमाने शेजारी आलेले शब्द नात्यातलेच असावेत हा मुलांचा समज या उणिवेमुळेच पक्का होतो.

‘पेन’ आणि ‘पेन्सिल’ हे शब्द घ्या. दोन्ही लिहिण्याची साधने आणि कोशातही जवळजवळ, त्यामुळे पेन्सिल म्हणजे छोटे पेन असे मुले सांगतात. वास्तविक ‘पेन’ हा शब्द पीस या अर्थाच्या लॅटिन ‘पेन्ना’वरून आला, कारण शतकानुशतके लेखणी पिसाचीच असे. ‘पेन्ना’च्या मुळाशी उडण्याचा अर्थ आहे आणि संस्कृत ‘पत्’ धातू त्याच कुळातला. संस्कृतात ‘पत्र’ म्हणजे पंखही, तेव्हा पेन आणि पत्र हे दूरचे भाऊबंद ठरतात. ‘पेन्सिल’ मात्र छोटी शेपटी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आली आणि पूर्वी तिचा अर्थ चित्रकाराचा बारीक कुंचला असा होता. तिची सख्खी बहीण म्हणजे ‘पेनिसिलिन’. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना ज्या बुरशीत त्या द्रव्याचा शोध लागला, तिला नावच मुळी तिच्या कुंचल्यासारख्या रचनेवरून मिळालेले होते. त्याच्या लगतच ‘पेनिन्शुला’ आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘जवळजवळ बेट’, आणि आपल्या ‘द्वीपकल्पा’तील ‘कल्प’ प्रत्ययही ‘थोडेसे उणे’ हेच सांगतो. हे एकदा कळले की भूगोलातील व्याख्या पाठ करावी लागत नाही.

शेजारावरून नाते जोडण्याची चूक केवळ मुलांची नाही. ‘आयलंड’ हा शब्द मूळचा इंग्रजी असून त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘एस’ नव्हता. लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेल्या ‘आइल’शी त्याचे नाते आहे अशा गैरसमजातून सोळाव्या शतकाच्या सुमारास तो घातला गेला. आज तोच मूक ‘एस’ गाळला म्हणून आपण मुलांचे गुण कापतो, याचे मला वाईट वाटते.

‘मंगूस’ तर आपल्याच घरचा, मराठी ‘मुंगूस’वरून गेलेला. हंसाच्या जातीतील ‘गूस’शी त्याचा काही संबंध नाही, म्हणून त्याचे अनेकवचन ‘गीस’प्रमाणे होत नाही, आणि पुढच्याच नोंदीतील, संकरित कुत्र्यासाठी वापरला जाणारा ‘मंग्रल’ हाही त्याचा कोणी लागत नाही.

कोशकारांना आणि प्रकाशकांना माझी विनंती आहे की, सर्व शब्दांची नसली तरी अशा फसव्या शेजाऱ्यांची व्युत्पत्ती शालेय कोशांत द्यावी. मुंगसासाठी ‘मराठीवरून’ एवढा एक शब्द पुरेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली