विषय: टीपीजी-41 भुईमुगाच्या पिशवीतून निघालेलं भलतंच बियाणं

व्यवस्थापक, गुणवत्ता विभाग,

तुमच्या हेल्पलाइनचा फोन आत्ताच ठेवला, म्हणून आता लेखी देतो.

टीपीजी-41 काय आहे ते तुम्हाला सांगायला नको. शंभर दाणे 65 ग्रॅमच्या आसपास भरतात आणि बी तीनेक आठवडे सुप्त राहतं, ओल मिळाली तरी उगवत नाही. मी उन्हाळीला ते घेतलं याचसाठी, की काढणीला वळवाने गाठलं तरी शेंगेतच कोंब फुटू नयेत. निम्म्या वावरात तुमचं बियाणं, निम्म्यात घरची टीएजी-24, ही भुईमुगाची दुसरी जात. वाफसा एक, जिप्सम एक, पाणी एक.

उगवण चांगली झाली, त्याबद्दल बोलत नाही. पण तुमच्या बाजूला उपट्या, म्हणजे उभट वाढणाऱ्या झाडांत मधेमधे जमिनीवर पसरणारी पसरी झाडं, शेंगा भरल्या तरी त्यांची फुलं चालूच. सोनाराच्या काट्यावर शंभर दाणे घातले. तुमचे 41 ग्रॅम, टीएजीचे 40. वळीव पडला आणि दोन्हीकडे शेंगेत कोंब. टीएजीला येतात, कबूल. तुमच्या जातीला कसे आले?

आता तुमच्या पीक सल्लागारांचं ऐका. "काका, पाणी जास्त झालं असेल." म्हटलं, पाण्याने दाणा पोचट राहील, उपटं झाड पसरी कसं होईल? मग बराच वेळ गाणं ऐकवलं. परत आले ते, "शेंगा तर जमिनीखाली असतात ना काका, मग भेसळ तुम्हाला दिसली कशी?" भुईमूग विकणाऱ्या कंपनीतला माणूस हे विचारतो! म्हटलं, उपटून बघितलं. तर म्हणे, "मग तक्रार चालत नाही, उभं पीक लागतं." म्हणजे जमिनीत आहे तोवर दिसत नाही, आणि दिसलं की चालत नाही. वा!

उभं पीक हवं ना? चार ओळी तशाच ठेवल्यात. तालुक्याच्या बियाणे तक्रार समितीकडे पंचनाम्याचा अर्ज दिलाय. पिशवी, लेबल, बिल आणि मूठभर बी जपून ठेवलंय. बियाणं सरकारी यंत्रणेने प्रमाणित केलेलंही नव्हतं, सत्यतादर्शक होतं, कंपनीच्याच हमीवरचं. म्हणजे लेबलावरचा शब्द तुमचाच. शेतकरी ग्राहक आयोगात जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच सांगितलंय. तुमच्या वकिलाला माहीत असेल, सल्लागाराला नसेल.

वडील एसबी-11 भुईमुगाचं बी तुमच्याकडचंच न्यायचे. त्या नावावर विसंबून मी ही पिशवी उचलली. बियाण्याची किंमत आणि जाड दाण्याच्या भावातला फरक, दोन्ही पाहिजेत. आणि कोंब कसे आले, त्याचं लेखी उत्तर. फोन करू नका.

एक भुईमूग उत्पादक