महालक्ष्म्यांना मी घरी नसेन

पुणे,
२४ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप आई-बाबा यांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार.

मी ४ सप्टेंबरच्या रात्री मुंबईहून जर्मनीला जाते आहे. बर्लिन शहरात ६ ते १० सप्टेंबर या दिवसांत घरगुती वापराच्या विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे फार मोठे प्रदर्शन आहे. त्यासाठी कंपनी आमच्या विभागातल्या तिघांना पाठवते आहे आणि त्या तिघांत माझे नाव आहे. प्रदर्शन संपल्यावर मोटरी बनवणाऱ्या एका कारखान्यातही काम आहे. म्हणजे पोळ्याला माझे येणे होणार नाही, गणपती बसतील तेव्हा होणार नाही, आणि १० तारखेला महालक्ष्म्या येतील, ११ ला जेवतील, १२ ला जातील, त्या तिन्ही दिवशी मी घरापासून फार दूर असेन. व्हिसा आला आहे, तिकिटे निघाली आहेत आणि मी होकार कळवला आहे. फोनवर सांगितले असते तर बाबांनी "बरं, जा" म्हणून फोन आईच्या हातात दिला असता, आई गप्प राहिली असती, आणि तिच्या त्या गप्प राहण्यापुढे मला एक शब्द बोलता आला नसता. म्हणून सगळे नीट लिहून पाठवते आहे.

आई, तुझ्या मनात पहिला प्रश्न हाच येईल की नेमके याच दिवसांत का. प्रदर्शनाच्या तारखा खूप आधी ठरतात आणि महालक्ष्म्या नक्षत्रावर येतात. अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मुळावर विसर्जन, हे तूच मला शिकवले आहेस. मागच्या वर्षी त्या २१ सप्टेंबरला आल्या होत्या, त्यामुळे असा पेच आला नव्हता. यंदा दोन्ही एकमेकांवर आले आणि त्यातले एकही माझ्या हातातले नव्हते. माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाला पाठवता आले असते, हे खरे आहे. तसे साहेबांनी विचारलेही. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी जाते म्हणून सांगितले. का, ते तुम्हा दोघांना कळावे असे मला फार वाटते.

मी सातवीत असतानाच्या महालक्ष्म्या तुम्हाला आठवत असतील. सगळ्या गावात पुरण शिजत होते, शेतात पंप चालू होते, आणि व्होल्टेज इतके उतरले होते की बल्ब नुसता लालसर दिसत होता. पुरणाच्या दुसऱ्याच भांड्याला आपला मिक्सर गुरगुरला, जळका वास आला, धूर निघाला आणि तो बंद पडला. उरलेले सगळे पुरण तू उपाशीपोटी पाट्यावर वाटलेस. दुसऱ्या दिवशी तुझे मनगट सुजले होते आणि तरी तू सवाष्णींना वाढायला उभी होतीस. महालक्ष्म्या गेल्यावर बाबांनी ओसरीत पोते अंथरून तो मिक्सर उघडला, मला शेजारी बसवले आणि आतल्या कार्बनच्या दोन झिजलेल्या कांड्या माझ्या तळहातावर ठेवून मोटर कशी फिरते ते समजावून सांगितले. शाळेतल्या मुलांना ज्या आवाजात सांगत, त्याच आवाजात. मी ज्या खुर्चीवर आज बसते, तिथपर्यंत मला त्या दुपारने आणले आहे.

आता मी नेमकी त्याच मोटरीवर काम करते. नेहमीच्या मिक्सरच्या मोटरीत कार्बनचे ब्रश फिरत्या भागाला सतत घासत असतात. ते झिजतात, ठिणग्या उडतात, आणि वीज कमी दाबाने आली की मोटर मंदावते, भांड्यातले पुरण तिला अडवून धरते, मोटरीला थंड ठेवायला तिच्याच दांड्यावर बसवलेला पंखाही मंद होतो आणि वाइंडिंग तापत जाते. ब्रश नसलेल्या मोटरीत, जिला बीएलडीसी म्हणतात, फिरत्या भागावर चुंबक असतो आणि वीज कधी कोणत्या गुंडाळीत सोडायची ते एक छोटे सर्किट ठरवते. घासणारे काही नसल्यामुळे झीज कमी, उष्णता कमी. दादाने मागच्या उन्हाळ्यात तुमच्या खोलीत लावलेला पंखा याच जातीचा आहे. जुना पंखा ७५ वॉट खात होता, हा ३० च्या आसपास खातो आणि रात्री व्होल्टेज उतरले तरी मंदावत नाही, हे आई, तूच मला कौतुकाने सांगितले होतेस. पंख्यात हे जमले आहे. मिक्सरमध्येही लोकांनी केले आहे, पण ते महाग पडते, आणि आपल्या गावच्या विजेवर टिकेल व आपल्या गावच्या माणसाला परवडेल असे करणे अजून बाकी आहे. त्याची सर्किटे आणि चुंबक बनवणारे लोक बर्लिनमध्ये एका जागी भेटतात. त्यांना आपल्या डीपीवरचे, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवरचे, व्होल्टेज संध्याकाळी किती खाली जाते, हे सांगणारे त्या टेबलाशी कोणीतरी हवे. आमच्या तिघांत ते स्वतःच्या घरात पाहिलेली मी एकटीच आहे.

बाबा, या प्रदर्शनाची गोष्ट तुम्हाला आवडेल. त्याला आज आयएफए म्हणतात. ते १९२४ साली रेडिओचे प्रदर्शन म्हणून सुरू झाले, म्हणजे यंदा त्याची शंभरी आहे. पहिल्या वर्षी ज्या दालनात ते भरले ते मुद्दाम लाकडाचे बांधले होते, कारण लोखंडाने रेडिओच्या लहरींना अडथळा होईल अशी त्यांना शंका होती. १९६७ साली पश्चिम जर्मनीत रंगीत दूरदर्शन सुरू झाले ते याच प्रदर्शनात, मंत्री विली ब्रांट यांनी बटण दाबून. तुमच्या कपाटावरच्या टेपमध्ये चालते ती कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ साली जगाला पहिल्यांदा दाखवली, तीही इथेच. ज्या टेपवर तुम्ही पहाटे खंजिरीची भजने लावायचात आणि मी पांघरुणातूनच ती ऐकत पुन्हा झोपायची, त्या कॅसेटचे जन्मगाव मी पाहणार आहे. आणि १९३० साली या प्रदर्शनाचे उद्घाटन आईनस्टाईन यांनी केले होते. भाषण रेडिओवरून जाणार होते, म्हणून त्यांनी सुरुवातीलाच उपस्थित आणि अनुपस्थित अशा दोघांनाही संबोधले. मग ते म्हणाले की विज्ञानाची ही नवलाई जे लोक विचार न करता वापरतात आणि गायीला ती आवडीने खाते त्या झाडपाल्याचे शास्त्र जेवढे कळते तेवढेच ज्यांना तिचे कळते, त्यांनी लाज बाळगावी. तुम्ही मिक्सर उघडून मला कार्बन दाखवलात तेव्हा हेच सांगत होतात, असे ते वाचताना माझ्या मनात आले. भिंतीएवढे टीव्ही आणि आपल्याशी बोलणारे फ्रिज पाहायला तिथे फार गर्दी होते. मला त्यांचे फारसे अप्रूप नाही. खरे काम मागच्या दालनांत, सुटे भाग मांडून बसलेल्या लोकांपाशी असते, असे आधी जाऊन आलेले सहकारी सांगतात.

आता माझी काळजी करू नका. मी एकटी नाही. आमच्या विभागातल्या वयाने मोठ्या एक बाई माझ्यासोबत एकाच खोलीत राहणार आहेत, आणि त्या याआधी तिकडे जाऊन आल्या आहेत. मुंबईहून फ्रँकफर्ट आणि तिथून बर्लिन, असा प्रवास आहे. हॉटेलपासून प्रदर्शनापर्यंत थेट लोकल गाडी आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला तिकडे दिवस मोठा असतो, साडेसात-पावणेआठपर्यंत उजेड राहतो, त्यामुळे अंधारात एकटीने फिरण्याचा प्रसंग येणार नाही. नळाचे पाणी सरळ पिता येते. थंडी आपल्या दिवाळीच्या पहाटेइतकी, त्यामुळे आई, तू विणलेला निळा स्वेटर पुरेल आणि तोच नेणार आहे. विमा सक्तीचा असतो, तो किमान ३०,००० युरोचा काढावा लागतो आणि तो कंपनीने काढला आहे. जेवणाचे म्हणशील तर भाजी, भात, ब्रेड, फळे सगळे मिळते. लाडू पाठवण्याची तयारी तू मनात सुरू केली असशील, म्हणून आधीच सांगते, बाहेरून येणाऱ्याला दूध-तुपाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत. तेव्हा तुपातले काहीही करू नकोस. फार वाटले तर दादासोबत जवसाची चटणी आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या पाठव, त्यावर माझे दिवस सुखाने जातील.

जर्मनीचे घड्याळ सध्या आपल्या साडेतीन तास मागे आहे. मी रोज सकाळी तिथल्या साडेसातला, म्हणजे तुमच्या अकराला फोन करीन. तोपर्यंत बाबांचे शेतातून येणे झालेले असते. बाबा, त्या वेळी मोबाइल चार्ज असू द्या आणि देवघरातल्या कोनाड्यात न ठेवता जवळ ठेवा. एखाद्या दिवशी फोन आला नाही तर मी गाडीत किंवा बैठकीत आहे असे समजा. जुलैतल्या त्या रात्रीसारखे जागत बसू नका.

त्या रात्रीचे मी विसरलेले नाही. डवरणीत चक्कर येऊन बाबा धुऱ्यावर बसले आणि घरी येऊन कोणालाही काही बोलले नाहीत, हे मला चार दिवसांनी वहिनीकडून कळले. बाबा, तुमच्यावर रागावण्याचा माझा अधिकार नाही, पण हात जोडून मागते की आता असे करू नका. रक्तदाबाची गोळी रोज एकाच वेळी, चहा झाल्याबरोबर घ्या. बरे वाटते म्हणून मधेच सोडू नका. ती गोळी घेतल्यामुळेच बरे वाटत असते. दादाने आणलेल्या मशीनवर दाब मोजताना आधी पाच मिनिटे शांत बसा, पाठ टेकवा, पाय जमिनीवर ठेवा, दंडाचा पट्टा छातीच्या उंचीवर येऊ द्या आणि मोजण्याआधी अर्धा तास चहा घेऊ नका. मोजून झाले की आकडा कॅलेंडरवर त्या तारखेच्या घरात लिहून ठेवा, मी आल्यावर पाहणार आहे. पुन्हा चक्कर आली, छातीत दुखले किंवा हाताला मुंग्या आल्या तर उद्यापर्यंत थांबायचे नाही. दारव्ह्याच्या रुग्णालयात लगेच जायचे. मोटारसायकलवर बसायचे नाही, गाडी बोलवायची. गाडीवाल्याचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून मी पत्रासोबत पाठवला आहे, तो भिंतीला चिकटवा.

पऱ्हाटीवर फवारणीचे दिवस आहेत. यंदा तुम्ही पाठीवर पंप घ्यायचा नाही. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन किती घरांतली कमावती माणसे गेली, ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिले आहे. दोन घरी तर तुम्हीच सांत्वनाला गेला होता. मजुरीचे पैसे मी दादाकडे दिले आहेत. जो माणूस फवारणीला येईल त्यालाही हातमोजे, तोंडाला मास्क आणि अंगभर कपडे दिल्याशिवाय पंप भरू देऊ नका, भर उन्हात किंवा वारा सुटल्यावर फवारू देऊ नका, आणि काम झाल्यावर साबणाने आंघोळ करूनच जेवायला बसवा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांद शेकायला मी नेहमी तुमच्याजवळ कंदील धरून उभी राहायची. यंदा ते काम दादाच्या मुलाला द्या, त्याला फार हौस आहे.

आई, आता तुझे. वहिनी ९ तारखेला अमरावतीहून येते आहे, ते पक्के झाले आहे आणि तिने रजा टाकली आहे. मामीही ११ ला सकाळीच येईल. तेव्हा माळ्यावरच्या कोठ्या आणि मुखवट्यांची पेटी काढायला तू शिडीवर चढायचे नाही. गुडघ्याचे ऑपरेशन करायचे की नाही ते आपण दिवाळीनंतर ठरवू, पण तोपर्यंत तरी त्याला जप. सोळा भाज्या, कथली, आंबील, पुरण, हे सगळे व्हायलाच हवे हे मला मान्य आहे, त्यातले एकही कमी कर असे मी म्हणणार नाही. फक्त भाज्या चिरायला खुर्चीवर बस, जमिनीवर नको. आंबिलीचे पीठ आदल्या रात्री वहिनीला भिजवू दे. पुरण वाटायला मी बनवून घेतलेला चाचणीचा मिक्सर दादासोबत पाठवते आहे. तो व्होल्टेज उतरले तरी चालतो, मी स्वतः तपासला आहे, तरी एका वेळी भांडे अर्ध्यापेक्षा जास्त भरू नकोस. पाटा काढायचा नाही. आणि वहिनीच्या हाताला तुझ्यासारखी चव नाही म्हणून तिच्यासमोर काही बोलू नकोस. ती मनापासून येते आहे आणि माझी जागा भरून काढते आहे, याचे मला फार समाधान आहे.

मला माहीत आहे की सगळे यथासांग झाले तरी पूजेच्या वेळी तू एकदा दाराकडे पाहशील. ते लिहितानाही मला जड जाते. लहानपणी मुखवट्यांना नथ घालण्याचे काम तू दर वर्षी माझ्यासाठी राखून ठेवायचीस आणि मला हात पुरेना म्हणून कमरेवर उचलून घ्यायचीस. ११ तारखेला तुमच्याकडे आरती सुरू होईल तेव्हा दादा मला व्हिडिओवर जोडून देणार आहे. त्या वेळी माझी कोणतीही बैठक ठेवू नये, असे मी साहेबांना सांगून ठेवले आहे आणि त्यांनी ते मानले आहे.

१४ ला पहाटे मी मुंबईत उतरेन, त्याच रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघेन आणि रविवारी १५ तारखेला सकाळी यवतमाळला पोहोचेन. बाबांनी मला घ्यायला यायचे नाही, मी एसटीने येईन. अनंत चतुर्दशी होईपर्यंत राहणार आहे. फुलोऱ्याच्या करंज्या वाटताना माझ्या वाटणीच्या चार पितळी डब्यात काढून ठेवा, आणि पत्र मिळाले की दादाच्या फोनवरून मला कळवा.

तुमची,
धाकटी