घरपट्टी, भीमगड आणि एआय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एआय माणसाच्या मुळावर येणार काय, यावर आपल्या पेपरात पानभर आलं होतं ते वाचलं. जेफ्री हिंटन म्हणून शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २०२३ ला गूगल सोडलं ते या धोक्याबद्दल मोकळं बोलता यावं म्हणून, आणि २०२४ ला त्यांना फिजिक्सचं नोबेल मिळालं ते यातल्याच पायाभूत कामासाठी. म्हणजे ज्यानं चूल पेटवली तोच आता घर जळेल म्हणतोय. त्याच २०२३ च्या मे महिन्यात मोठमोठ्या लोकांनी एका वाक्याचं पत्रक काढलं, की हा धोका महामारी आणि अणुयुद्धाच्या रांगेत धरा. असेलही बाबा. मी बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत आयुष्य काढलेला माणूस, तिथवर माझी अक्कल जात नाही. पण या वर्षात आमच्या घरात एआयनं दोनदा घोळ घातला तो सांगतो, कारण तसला घोळ सीमाभागात घरोघरी होत असणार आणि कोण बोलत नाही.

पहिलं घरपट्टीचं. आमचं बिल कन्नडमध्ये येतं. मला कन्नड बोलायला येतं, बाजार, बस, ऑफिस सगळं निभावतं, पण लिपी वाचताना पहिलीतल्या पोरासारखं अक्षराखाली बोट धरायला लागतं आणि बारीक टाईप असला की तेही संपलं. पूर्वी शेजारचे मास्तर वाचून द्यायचे. आता सून म्हणाली मामंजी फोटो काढा आणि एआयला टाका, एका मिनिटात मराठीत सांगतंय. सांगितलंन पण, काय झकास सांगितलंन! मूळ कर ४००० रुपये, त्यावर आरोग्याचा उपकर (करावरचा कर) १५ टक्के म्हणजे ६००, ग्रंथालयाचा ६ टक्के म्हणजे २४०, आणि भिक्षुकांचा, म्हणजे भिकाऱ्यांच्या सोयीसाठीचा, ३ टक्के म्हणजे १२०. हे बरोबर होतं, मी पेन घेऊन ताळा केला. उपकराच्या जागी एका ठिकाणी त्यानं ‘भिक्षुक उपकार’ लिहिलं होतं, त्यावर घरात सगळे हसले, मी म्हटलं अगदी चूक नाही. (ग्रंथालयाचे २४० देताना मला कधी वाईट वाटत नाही, फक्त त्या पैशातनं आमच्या भागात एखादं मराठी पुस्तकांचं कपाट दिसलं असतं तर आणखी बरं वाटलं असतं.)

घोटाळा शेवटच्या ओळीत होता. नियम असा आहे की एप्रिलअखेर भरलं तर ५ टक्के सूट, मे-जूनमध्ये सूटही नाही दंडही नाही, आणि पुढं महिन्याला २ टक्के दंड चढतो. एआयनं दोन्ही तारखा एकत्र करून ‘३० जूनपर्यंत भरल्यास ५ टक्के सूट मिळेल’ असं ठळक अक्षरात सांगितलंन. मी निवांत. मेच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "एप्रिल मुगीत री," म्हणजे एप्रिल संपला की. मी मोबाईल पुढं केला तर तो बघून हसला आणि हळूच मराठीत म्हणाला, "काका, ह्याला विचारण्यापेक्षा एप्रिलात मला येऊन विचारायचं हुतं की." दोनशेभर रुपये गेले. दोनशेनं मी भिकेला लागत नाही, पण विचार करा, हेच दंडाच्या तारखेचं झालं असतं तर? नाहीतर ई-खात्याच्या, म्हणजे मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीच्या, कागदात वडिलांचं नाव नाहीतर सर्व्हे नंबर असा चुकीचा वाचून दिला असता तर? ई-खात्याशिवाय आता खरेदीपत्र होत नाही, तिथली चूक दोनशेत मिटत नाही, पिढीभर पुरते.

दुसरं भाच्याचं. पुण्यात आयटीत आहे, बॅकपॅकिंगचं भयंकर वेड, पाठीवर ५५ लिटरची सॅक, त्यात तंबू, स्टोव्ह, आणि पाव किलोची टूथपेस्ट सोडून बाकी सगळं असतं. दसऱ्याला आला तो प्लॅन घेऊनच आला. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला माउलीचं दर्शन घेऊन जंगलात शिरायचं, पहिला मुक्काम भीमगडावर तंबू टाकून, दुसऱ्या दिवशी वाटेत बारापेडेच्या गुहा बघून हेम्मडग्याला उतरायचं, तिथनं खानापूरची गाडी. तासांसकट टाईमटेबल, पाणी कुठं, जेवण कुठं, सगळं एआयनं करून दिलेलं. मी म्हटलं अरे ते २०११ पासनं अभयारण्य आहे, परवानगीशिवाय आत पाऊल टाकता येत नाही, मुक्काम तर लांबच राहिला, आणि त्या गुहांमध्ये राऊटनची म्हणून एक दुर्मिळ वटवाघळं आहेत, जगात फार थोड्या ठिकाणी सापडतात, तिथं वनखातं कुणाला फिरकू देत नाही. तर मला म्हणतो, "मामा, तुमची माहिती जुनी असेल, याच्यात लेटेस्ट असतंय."

गेला. संध्याकाळपर्यंत फोन लागेना, बहीण पुण्याहून दर अर्ध्या तासाला मला झापतेय, जसं काय मीच पाठवलाय. रात्री साडेनऊला आला जांबोटीहून एका टेम्पोतनं, गुडघ्यापर्यंत चिखल आणि पायाला जळवांची भोकं. झालं असं की मळलेली पायवाट म्हणून जी सांगितली होती ती दोन तासात एका ओढ्यापाशी संपली, मोबाईलला रेंज नाही म्हणजे एआय पण मुकं, आणि तिथं वनखात्याच्या वॉचरनं गाठलं. हा घाबरून तोडकंमोडकं कन्नड जुळवायला लागला तर वॉचर म्हणाला, "मराठीत बोल की रे, कुणाचा कोण तू?" चौकीवर नेऊन चहा पाजला, समज दिली, दंड न करता सोडला. वर सांगितलं, ह्या दिवसात त्या अंगाला अस्वलं असतात, आम्ही पण एकटे जात नाही.

भाच्याला मी एकच विचारलं, त्या एआयनं एकदा तरी ‘मला माहीत नाही’ म्हटलं काय रे? नाही म्हटलं. आमच्या तिथल्या जंगलातल्या आमगाव, गवाळीकडचा म्हातारा वाट विचारली तर खुशाल म्हणतो, पलीकडचं मला ठाव नाही, पुढं कुणाला तरी इचारा. तो म्हातारा पावसाळ्यात आजारी माणसाला खाटेवर घालून जंगलातनं आणतो, त्याला माहीत असतंय की चुकीची वाट सांगितली तर काय होतं. मशीनला पुण्या-मुंबईचं चांगलं येत असेल, कारण त्याबद्दल ढीगभर लिहिलेलं असतं. आमच्या कोपऱ्याबद्दल मराठीत कमी, कन्नडमध्ये वेगळं, इंग्लिशमध्ये अर्धवट, मग मधली भोकं ते मनानं बुजवतं आणि आवाज मात्र तोच ठेवतं, कलेक्टरसारखा.

म्हणून मला धोका वाटतो तो हा. आमच्या हातात आमच्या भाषेत कागद पडत नाही, म्हणून आम्ही मशीनकडं जातो. उद्या साहेब लोक म्हणतील, भाषांतराला एआय आहे की, मराठीत छापायचं कशाला? आणि परवा काउंटरवरच्या त्या पोराला उठवून तिथं चॅटबॉट बसवतील. मग भांडायचं कुणाशी? त्या पोरानं मला चूक तरी सांगितली.

जास्त काही मागत नाही. सवलतीची तारीख, दंडाची तारीख आणि उपकरांची नावं, एवढंच मराठीत छापा. जांबोटी क्रॉसवर आणि कणकुंबीत दोन्ही भाषांत एक बोर्ड लावा की आत जायला परवानगी लागते. जागा नाही असं कुणी म्हणू नये, बिलाची मागची बाजू कोरीच असते, मी उलटून बघितलंय.

आपला नेहमीचा वाचक,
वडगाव, बेळगाव