काड्या मुलांच्या हातात हव्यात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या शाळांना ‘कृतीतून गणित’ आता नवे राहिलेले नाही. २०२१ मध्ये निपुण भारत हे पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाचे केंद्राचे अभियान सुरू झाल्यापासून तर वर्गात गणित साहित्य हवेच, असे सगळेच म्हणतात. पण साहित्याच्या पेटीत काय आहे याची जेवढी चर्चा होते, तेवढी ते किती आहे आणि कुणाच्या हातात आहे याची होत नाही. एकच संच टेबलावर मांडून शिक्षकांनी काड्या मोजायच्या आणि मागच्या बाकावरच्यांनी माना उंच करून बघायचे, यापेक्षा फळा बरा. तो निदान सगळ्यांना दिसतो.

हिशोब करून पाहा. ४० मुलांच्या वर्गात चौघांचे १० गट. शंभरच्या आतल्या बेरीज-वजाबाकीला एका गटाकडे दहा-दहा काड्यांचे १० गठ्ठे आणि २० सुट्या काड्या पुरतात. वीसच का? हातच्याच्या बेरजेत ९ आणि ९, वजाबाकीत दशक सोडवल्यावर ८ आणि १०. सुट्या कधीच १८ च्या वर जात नाहीत. दोन हरवण्यासाठी! म्हणजे गटाला १२०, वर्गाला १२०० आइसक्रीमच्या काड्या. गठ्ठे बांधायची रबरे मात्र आपल्या दमट हवेत चिकट होऊन तुटतात. सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली कडी वर्षभर टिकतात.

प्लास्टिकचे दशक-दांडे (दहाचा एक अखंड दांडा) देखणे असतात, पण ते नंतर आणावेत. दांडा सुटत नाही. तो देऊन दहा सुटे घ्यायचे, हा व्यवहार मुलाने आपल्या शब्दावर मानायचा असतो. गठ्ठा ते स्वतः सोडते, त्यातून दहाच निघतात हे मोजून बघते. खेळातल्या नोटा त्याहूनही पुढच्या. दहाची नोट एकच्या नाण्याच्या दहापट मोठी नसते, तिची किंमत निव्वळ संकेताने ठरते. नोटा घाईने दिल्या की मुले किंमत सोडून नगच मोजतात.

सर्वांत जास्त घोळ वजाबाकीत होतो. ५२ − २७ साठी अनेक वर्गांत दोन्ही संख्या मांडल्या जातात. मग मुलापुढे ७९ काड्या असतात आणि कशातून काय काढायचे ते कळत नाही. मांडायचे फक्त ५२. सात सुट्या देता येत नाहीत म्हणून एक गठ्ठा सोडायचा आणि त्याच क्षणी वहीत ५ खोडून ४, २ खोडून १२ लिहायचे. मग १२ तून ७ आणि ४ तून २ उचलायचे. समोर उरतात २५. आधी सगळे काड्यांनी आणि नंतर सगळे वहीत असे केले, तर मुलाला ती दोन वेगळी कामे वाटतात.

मराठीत आणखी एक अडचण आहे. पंचवीस म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना दोन. सेमी-इंग्रजीच्या मुलाला तर वर्गात ट्वेंटी फाइव्ह आणि घरी पंचवीस. २५ चे ५२ होते ते इथेच. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी ‘वीस एक, वीस दोन’ आले तेव्हा केवढा गदारोळ झाला! संख्यानावे बदलायची गरज नाही. गठ्ठे डावीकडे, सुटे उजवीकडे ठेवून ‘दोन दशक पाच, पंचवीस’ असे दोन्ही म्हणवून घ्यावे. एकोणतीससाठी दहा-दहा मण्यांचे रंग आलटून पालटून ओवलेली शंभरची माळ उत्तम: तिसापर्यंत जायचे, एक मणी मागे यायचे. दोरा टीचभर सैल हवा, नाहीतर मणी सरकत नाहीत. खुणेचा चिमटा मण्यावर न लावता मण्याच्या पुढच्या फटीत लावावा. मण्यावर लावला की तो मणी धरायचा की नाही, यावरच वाद होतो.

अपूर्णांकांना गोल चकत्या देण्याची पद्धत सोडावी. गोलाचे तीन सारखे भाग पाचवीच्या मुलालाच काय, आपल्यालाही कात्रीने जमत नाहीत. कार्डशीटच्या २४ सेंमी पट्ट्या कापाव्यात. २४ ला २, ३, ४, ६, ८, १२ ने भाग जातो. अर्धी १२, तिसरा भाग ८, दोन्ही जोडून २० सेंमी. ४ सेंमीचा सहावा भाग त्यात पाच वेळा बसतो, म्हणून उत्तर ५/६. मात्र गटागटाच्या पट्ट्यांची लांबी वेगळी झाली की एकाचा अर्धा दुसऱ्याच्या पाऊणएवढा भरतो. एकाच मापाने कापणे म्हणूनच महत्त्वाचे. (पाचव्या आणि दहाव्या भागांसाठी ३० सेंमीची वेगळी पट्टी लागेल.)

हे साहित्य कायमचे नाही. मूल काड्या न सोडवता ‘इथे एक गठ्ठा फुटेल’ असे म्हणू लागले की काड्यांवर रुमाल टाकावा, मग वहीत रेघा-ठिपके (गठ्ठ्याला रेघ, सुट्या काडीला ठिपका), मग नुसते अंक. कुणाला हे चार दिवसांत जमते, कुणाला महिना लागतो.

दोन्ही महापालिकांच्या शिक्षण विभागांनी आणि खासगी संस्थांनी जूनची खरेदी करताना रंगीत संचांच्या संख्येऐवजी दर गटामागे नग किती ते पाहावे. तासाच्या शेवटी प्रत्येक गटाने १० गठ्ठे बांधून आणि २० सुट्या मोजून डबा परत द्यावा. पाच मिनिटे लागतात, काड्याही हरवत नाहीत.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, ठाणे (पूर्व)