पाऊस आला की बंद पडणारं आमचं केंद्र : मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

गावातली थोर मंडळी, देशभर पांगलेले, सोनं-चांदी गाळायचा धंदा करणारे आपले गलाई बांधव, मुंबई-पुण्याला नोकरीला असलेले आणि दिल्या घरी गेलेल्या आपल्या लेकी, अशा सगळ्यांना हे पत्र आहे. लेकींना मुद्दाम वेगळं बोलावतोय. गावच्या वर्गणीच्या यादीत आजवर त्यांचं नाव नसायचं, त्यांनी दिलेले पैसे भावाच्या नावाखाली जमा व्हायचे. या वेळी पावती त्यांच्याच नावाने फाडू. माहेरचं आडनाव लावायचं की सासरचं, ते त्यांनी सांगावं.

विषय शाळेच्या रेडिओचा आहे.

परिपाठातल्या त्याच त्या सुविचारांना कंटाळून तीन वर्षांपूर्वी आठवीच्या पोरांनी प्रयोगशाळेमागची अडगळीची खोली मागितली. मुख्याध्यापकांनी किल्ली दिली, पण झाडून तुमची तुम्हीच घ्या म्हणाले. पहिल्या दिवशी एका मुलीने आकाशवाणीच्या निवेदिकेच्या थाटात ‘आपल्या शाळेचं हे केंद्र आहे’ असं म्हटलं आणि तेव्हापासून त्या खोलीला सगळं गाव केंद्र म्हणतं. आज आठवी-नववीची २४ मुलं-मुली ते चालवतात. दहावीच्या मुलांना दिवाळीनंतर तिथं बसू द्यायचं नाही असं पालकांच्या आग्रहावरून ठरलं आहे. त्यावरून ती मुलं आमच्यावर अजून फुगून आहेत.

रेडिओ म्हणावा असं तिथं खरं तर फारसं काही नाही. एक जुना अ‍ॅम्प्लिफायर, दोन माईक, शाळेच्या गच्चीवर दोन कर्णे आणि ग्रामपंचायतीच्या संमतीने चावडीजवळ एक. रोज सकाळी दहा मिनिटं आणि रविवारी संध्याकाळी पाऊण तास कार्यक्रम होतो. तोच मग व्हॉट्सअ‍ॅपवरून वाड्यावस्त्यांवर आणि परगावी जातो. टेंभू योजनेचं पाणी आपल्या शिवारात कधी येणार, विट्याच्या बाजारात काय भाव निघाला, परीक्षेचे फॉर्म कधी भरायचे, कुणाचं रेडकू दावं तोडून गेलंय, असल्या गोष्टी रोजच्या दहा मिनिटांत. ऑक्टोबर छाटणीनंतर आभाळ आलं की द्राक्षबागायतदारांच्या पोटात दावण्या रोगाच्या भीतीने गोळा येतो. त्या दिवसांत मुलं बागेत जाऊन माणसं बोलती करतात. आपण सल्ला द्यायचा नाही, ज्याच्या पानावर डाग पडलाय त्यालाच बोलू द्यायचं, हा नियम त्यांचा त्यांनीच केला आहे. भाषेवरून मात्र महिनाभर भांडण चाललं होतं. शेवटी सूचना पुस्तकी मराठीत द्यायच्या आणि गप्पा आपल्या बोलीत मारायच्या, यावर मिटलं.

एकदा मधल्या सुट्टीत माईक चालूच राहिला आणि एका गुरुजींचं घरी फोनवर चाललेलं ‘मेथी आणू का शेपू’ हे बोलणं तीन वाड्यांनी ऐकलं. त्यांना अजून लोक वाटेत थांबवून विचारतात. त्यानंतर मुलांनी खाऊच्या पैशातून दारावर लाल दिवा बसवला. म्हणजे तेवढा एक खर्च आपल्याला करायचा नाही.

हे सगळं कशासाठी, असं विचारणारे गावात आहेत आणि त्यांचं विचारणं चुकीचं नाही. अभ्यास सोडून नसती थेरं, असं आमच्यातल्याही काहींना सुरुवातीला वाटलं होतं. मत बदललं ते एका फोनमुळे. दक्षिणेत ज्यांची गलाईची भट्टी आहे अशा आपल्या एका गाववाल्याच्या मुलाने केंद्राला आवाजी निरोप पाठवला. मराठी अडखळत बोलत होता, कारण शाळा सगळी तमिळमध्ये. त्याने विचारलं, ‘रविवारी ते आजोबा वाफसा म्हणाले, वाफसा म्हणजे काय?’ आमच्या मुलांनी त्याला उत्तर पाठवायचं म्हणून एकमेकांकडे बघितलं, तर २४ जणांत नीट सांगता येणारे तिघेच निघाले. दुसऱ्या दिवशी सगळी फौज शेतात. पावसानंतर पेरणीजोगी ओल जमिनीत राहते, पाय चिखलात रुतत नाही आणि ढेकूळ मुठीत धरलं तर सहज फुटतं, हे त्यांनी हातात माती घेऊन त्या मुलाला सांगितलं. तेव्हापासून दर रविवारी एक शब्द असतो. कुरी झाली, चाडं झालं, मोट झाली, सुगी झाली. परगावच्या घरांतून सगळ्यात जास्त निरोप या शब्दांवर येतात, आणि ते विचारणारी बहुतेक पोरं तिकडेच जन्मलेली आहेत.

आता एक गोष्ट सांगायला जड जाते. गेल्या वर्षी मुलांनी ७२ च्या दुष्काळावर आवाज गोळा केले. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्या, सुकडी खाऊन दिवस काढलेल्या ११ बायका बोलल्या. मिलो ज्वारीची तांबडी भाकरी नरड्याखाली कशी उतरत नव्हती, तान्ही लेकरं बांधाच्या सावलीला कशी निजवली, हातावरचे फोड कशाने बरे केले, सगळं. गणपतीच्या स्पर्धा रेकॉर्ड करायच्या आल्या आणि मोबाईलमधली जागा संपली. ज्या मुलीकडे फोन होता तिने ‘जुन्या फायली’ पुसून टाकल्या. तिची काही चूक नाही. दुसरीकडे ठेवायला जागाच आम्ही दिली नव्हती. सहा जणींनी पुन्हा बसून सांगितलं. दोघी आता आजारपणाने बोलू शकत नाहीत, दोघींनी ‘एकदा रडले तेवढं पुरे’ म्हणून हात जोडले आणि एक आजी राहिल्या नाहीत. ती मुलगी अजून रोज केंद्रात येते, पण फोनला हात लावत नाही.

म्हणून ही पहिली गरज : दोन मोठ्या हार्ड डिस्क, एक शाळेत आणि एक शाळेबाहेर दुसऱ्या ठिकाणी. जे रेकॉर्ड होईल ते त्याच दिवशी दोन्हीकडे जाईल. यासाठी २०,००० रुपये धरले आहेत.

खोलीची कथा वेगळी. वर पत्रा आहे. भिंतींवर आयांनी दिलेल्या जुन्या वाकळा टांगल्या आहेत, त्यामुळे आवाज घुमायचा बऱ्यापैकी थांबला, पण चैत्रात आत बसवत नाही. आणि पाऊस आला की रेकॉर्डिंग बंद, कारण पत्र्यावरच्या तडतडीपुढे कुणाचाच आवाज टिकत नाही. आपल्या दुष्काळी भागात पावसाला नावं ठेवणारी ही एकटीच खोली असेल. पत्र्याखाली जाड छत, भिंतींना आवाज शोषणारं अस्तर, भरीव दार आणि दुहेरी काचेची खिडकी, या कामाला १,८०,००० रुपये लागतील. मिक्सर, तीन चांगले माईक, हेडफोन आणि एक संगणक मिळून १,३५,०००. ध्वनिसंपादनाचं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यावर मुलांचा हात बसलेलाही आहे. शेतात, वस्तीवर न्यायला हातात धरायचे दोन रेकॉर्डर ३०,०००, लाईट गेल्यावर चालायला इन्व्हर्टर-बॅटरी ४५,००० आणि वायरिंग, अर्थिंग, मुलांचं प्रशिक्षण व प्रवास यांसाठी ५०,०००. एकूण ४,६०,००० रुपये. यात्रा कमिटीने ५१,००० दिले, शिक्षक व ग्रामस्थांकडून ६१,५०० जमले. राहिले ३,४७,५००.

यात ट्रान्समीटर आणि मनोऱ्याचे पैसे नाहीत, ही गोष्ट काहींच्या लक्षात येईल. ते आज मागतच नाही. एफएमवर बोलायचं तर केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी लागते, फ्रिक्वेन्सी दूरसंचार खात्याकडून घ्यावी लागते आणि मधे गृह, संरक्षण अशा खात्यांच्या हरकती-नाहरकती असतात. शिक्षणसंस्थांना ही दारं २००२ मध्ये उघडली, स्वयंसेवी संस्थांना २००६ मध्ये. ताकद १०० वॅटपर्यंत, मनोरा ३० मीटरपर्यंत, म्हणजे सपाटीला साधारण १० किलोमीटरच्या आसपास आवाज जातो. आपल्याकडे डोंगर आडवे येतात तिथं त्याहून कमी. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत अशी अट आहे. ती आपण आजच पाळतो. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण पाणी, वीज, हवामान, परीक्षा, सण-उत्सव, साथीचे आजार यांची माहिती देता येते, आणि आपल्याला हवंय तेच. अर्ज संस्थेच्या नावाने करायची तयारी सुरू आहे. परवाना हातात नसताना मनोऱ्यासाठी वर्गणी मागणं आम्हाला बरोबर वाटत नाही.

एका हितचिंतकाने सुचवलं होतं की छोटा ट्रान्समीटर ऑनलाईन मागवू आणि देऊ सुरू करून, खेड्यात कोण बघतंय. भावना चांगली, पण तो गुन्हा आहे. बिहारमध्ये वैशाली जिल्ह्यातल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या तरुणाने असंच घरगुती जुळणीतून केंद्र चालवलं होतं. पंचक्रोशी ते आवडीने ऐकायची, तरी परवाना नव्हता म्हणून २००६ मध्ये ते बंद करावं लागलं. आपल्या मुलांच्या वाट्याला ते नको. शिवाय रीतसर वाटेने गेलेले शेजारी आहेतच. माणदेशात म्हसवडला आणि आपल्याच जिल्ह्यात जत तालुक्यात जालिहाळला सामुदायिक रेडिओ आहे. दुष्काळी पट्ट्यात हे जमतं, हे बघायला लांब जायची गरज नाही.

पैशांखेरीज आणखी काही मागायचं आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत भजनाच्या, भेदिक शाहिरीच्या, लग्नांच्या, कुणाच्या वडिलांच्या आवाजाच्या कॅसेट पडल्या असतील तर त्या द्या. उतरवून घेऊन परत देऊ. जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या बायकांनी मुलींना वेळ द्यावा. मुली घरी येतील, तुम्ही केंद्रात यायची गरज नाही. ‘मला काय येतंय’ म्हणणाऱ्यांकडेच जास्त असतं, हा आता मुलांचाही अनुभव आहे. सुतारकाम, वायरिंग येणाऱ्यांनी दोन दिवसांची मजुरी सोडली तरी वरच्या खर्चातले बरेच पैसे वाचतील. ध्वनियंत्रणेत काम करणारं गावचं कुणी असेल तर खोलीचा नकाशा एकदा बघून द्यावा, काम सुरू करण्याआधी. मात्र बंद पडलेले मोबाईल कृपया पाठवू नका. गेल्या वर्षी १४ आले, त्यातला एक चालू निघाला.

देणगी शाळेच्या कार्यालयात रोख, धनादेशाने किंवा तिथल्या क्यूआर कोडवर देता येईल. परगावच्यांनी शाळेच्या नेहमीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फक्त ‘केंद्र’ एवढं लिहावं, खात्याचा तपशील मंडळाकडून येईल. दुसऱ्या कुणी परस्पर पाठवलेल्या क्रमांकावर पैसे भरू नयेत. खातं दोन सह्यांचं आहे. दर महिन्याच्या १ तारखेला जमाखर्च शाळेच्या फलकावर लागेल आणि त्या रविवारी मुलं तो कर्ण्यावरून वाचून दाखवतील, नावांसकट. ज्यांना नाव नको असेल त्यांनी तसं सांगावं. आयकरातली ८०जी ची सवलत आमच्या मंडळाला नाही, तेव्हा त्या हिशोबाने कुणी देऊ नये. १०० रुपयांचीही पावती मिळेल.

छताचं काम मृगाच्या आत उरकायचं आहे, नाहीतर यंदाही चार महिने केंद्र पावसाच्या मर्जीवर राहील. यात्रेला गावी याल तेव्हा खोली बघून जा. वाकळा अजून टांगलेल्याच आहेत, त्यातली आपल्या आईची कुठली ते ओळखता येतं का बघा.

आपले,
माजी विद्यार्थी मंडळ
(ता. खानापूर, जि. सांगली)

ता. क. : कॅसेट उतरवायला एक टेपरेकॉर्डर हवा आहे. चालू असेल तरच आणावा, आणि वायर सोबत द्यावी.