हात अडकलेल्यांसाठी पण एक कोपरा ठेवा की

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात शुक्रवारी नवीन पिक्चर कुठला लागला, कुठल्या ओटीटीवर कुठली सीरिज आली, सगळं येतं, वर स्टार पण दिलेले असतात, पण पॉडकास्टबद्दल, म्हणजे मोबाईलवर पाहिजे तेव्हा ऐकता येणाऱ्या बोलण्याच्या कार्यक्रमांबद्दल, एक ओळ कधी वाचल्याचं आठवत नाही. तुम्ही म्हणाल सोलापुरात कोण ऐकतंय ते. ऐकतात की ओ. फक्त पुण्या-मुंबईचे लोक ट्रॅफिकमधे बसून ऐकतात आणि आपल्याकडं कामावर बसून ऐकतात, म्हणून कुणाच्या नजरेत येत नाही इतकंच.

माझं अक्कलकोट रोडच्या बाजूला शाळेच्या युनिफॉर्मचं जॉबवर्क आहे. मशिनी थोड्याच, बायका गल्लीतल्याच. शाळा सुरू व्हायच्या आधीचे दोन-तीन महिने मान वर करायला वेळ नसतो. आधी आमच्याकडं रेडिओ असायचा, मग मोबाईलवर गाणी आली आणि गाणी कुणाची लावायची यावरून रोज भांडण, एकीला जुनी मराठी पाहिजेत, एकीला तेलुगू, पोरींना आणखीन काय काय. मग माझ्या मुलीनं फोनमधे पॉडकास्टचं ॲप टाकून दिलं. भांडणं आता पण होतात, पण ती पुढचा एपिसोड माझ्याशिवाय का लावला यावरून.

पॉडकास्ट लोकांना का आवडतात याचं माझं उत्तर साधं आहे. कामात हात आणि डोळे अडकलेले असतात, कान आणि डोकं रिकामं. टीव्ही लावून शिवायला बसलं की सीरियलमधे कोण आलं बघायला मान वळते आणि कॉलरची टीप वाकडी जाते, मग बसा उसवत. नुसत्या गाण्यानं कान भरतो पण डोकं भरत नाही, ते आपलं फिरून फिरून घरातल्या कटकटीवर, फीवर, हप्त्यावर जाऊन बसतं. कुणीतरी कानात शांतपणे एखादी गोष्ट नीट सांगायला लागलं की डोकं तिकडं जातं आणि हात आपोआप चालतात.

आता कुठले ऐकायचे. मला सगळ्यात आधी वेड लागलं ते ‘सीरियल’ नावाच्या अमेरिकन पॉडकास्टचं, नाव सीरियल असलं तरी आपल्या टीव्हीवरच्या सीरियलशी त्याचा संबंध नाही. २०१४ ला आलेलं आहे, म्हणजे जुनं, पण माझ्यापर्यंत उशिरा पोचलं. बाल्टिमोर शहरात १९९९ मधे ‘हे मिन ली’ नावाच्या शाळकरी मुलीचा खून झाला आणि तिच्याच ओळखीच्या अदनान सय्यदला जन्मठेप झाली, तर सारा कोनिग ही पत्रकार बाई ती केस परत उघडून बघते. फोनचे रेकॉर्ड, कोण किती वाजता कुठं होतं, तुरुंगातून त्याचे येणारे फोन, असं बारा भाग. माझं इंग्रजी जेमतेम, तर स्पीड कमी करून ऐकते, ती सोय ॲपमधे असते हे पण लिहा कधीतरी, बऱ्याच जणांना माहीत नसतं. मला काय आवडलं तर ती बाई सगळं माहीत असल्यासारखं बोलत नाही. आज मला वाटतंय यानं केलं नसेल, परवा वाटत होतं यानंच केलं, असं सरळ सांगते, आणि बारा भाग झाल्यावर पण पक्कं उत्तर देत नाही. आमच्यात त्यावरून दोन पार्ट्या पडल्या होत्या. पुढं २०२२ ला अदनान सुटला, मग २०२३ ला कोर्टानं शिक्षा परत लावली, आणि २०२५ ला भोगली तेवढी शिक्षा पुरे म्हणून त्याला बाहेर ठेवलं पण गुन्हा कायम ठेवला. एक पॉडकास्ट आलं म्हणून ही केस जगभर गाजली. पण त्या मेलेल्या पोरीच्या घरच्यांना हे सगळं परत परत ऐकायला लागलं, ते पण खरं आहे, आणि खुनाच्या गोष्टी चहा पीत ऐकायच्या याची मला मधून मधून लाज वाटते. तरी ऐकते.

दुसरं म्हणजे ‘नाइन्टीनाइन पर्सेंट इन्व्हिजिबल’, रोमन मार्स नावाचा माणूस करतो, २०१० पासून चालू आहे. आपल्या रोजच्या बघण्यातल्या पण लक्ष न जाणाऱ्या वस्तू कुणी कशा बनवल्या, तशाच का बनवल्या, असं सगळं. त्यातच ॲव्हरी ट्रफलमन या मुलीनं २०१८ ला नुसती कपड्यांवरची एक मालिका केली, ‘आर्टिकल्स ऑफ इंटरेस्ट’, आणि त्यात एक पूर्ण भाग खिशावर आहे. खिशावर! मी आणि माझी कटिंग करणारी, आम्ही दोघींनी मशीन बंद करून ऐकला तो. युरोपात पूर्वी बायकांचे खिसे घागऱ्याच्या आतून कमरेला बांधलेल्या वेगळ्या पिशव्या असायच्या, नंतर अंगासरशी झगे आले, पिशव्या फुगून दिसायला लागल्या म्हणून गेल्या, आणि बायकांच्या हातात चिमुकली पर्स आली. पुरुषांच्या कपड्याला मात्र खिसे वाढतच गेले. आपल्याकडं आज्जीची कनवट होती, त्यात पैसे, तंबाखूची डबी, किल्ली सगळं मावायचं, तिचं पण पुढं तेच झालं.

हे ऐकल्यापासून ऑर्डर घेताना मी बघायला लागले. मुलांच्या पँटला दोन खिसे, शर्टाला एक, मुलींच्या ट्यूनिकला बऱ्याचदा एक पण नाही, कारण नमुन्यातच नसतो, आणि खिसा म्हटला की कापड वाढतं, मजुरी वाढते. एका ऑर्डरीच्या वेळी मी म्हटलं पोरींना पण बाजूचा खिसा लावून देते, पीसमागं थोडेच पैसे जास्त द्या. तर समोरचे म्हणाले, मुलींना कशाला लागतोय खिसा. असो, तो विषय वेगळा आहे. पण ज्या धंद्यात उभं आयुष्य गेलं त्यातली गोष्ट मला सातासमुद्रापलीकडच्या एका पोरीनं कानात सांगितली, म्हणून मी हे पत्र लिहायला बसले.

हिंदीत ‘तीन ताल’ आहे, आज तक रेडिओचं. नुसत्या गप्पा ओ, काही ठरलेलं नाही, आंब्यावरून सुरू होतात आणि पार राजकारणावर जाऊन पोचतात, बोलणाऱ्यांनी सुरुवातीपासून ताऊ, बाबा, सरदार अशी टोपणनावं घेतलेली. ऐकणारे स्वतःला तीन तालिये म्हणवतात, पत्रं पाठवतात आणि ती पत्रं कार्यक्रमात वाचून दाखवली जातात. घरात एकटं स्वैपाक करणाऱ्या माणसाला हे का आवडतं ते सांगायला नको. मराठीत ओंकार जाधव आणि शार्दूल कदम यांचं ‘अमुक तमुक’ पोरींना फार आवडतं, त्यातलं ‘खुसपुस’ तर घरात ज्या गोष्टी दार लावून बोलतात त्यांच्यावर आहे, शरीराच्या, नवरा-बायकोच्या, डोक्यातल्या आजारांच्या. आमच्यातल्या एका वयस्कर बाईनं पहिल्यांदा इअरफोन काढून ठेवला होता, आता तीच विचारते नवीन आलं का. सौमित्र पोटे यांचं ‘मित्रम्हणे’ नाटक-सिनेमातल्या लोकांच्या मुलाखतींचं, बीबीसी मराठीचं ‘सोपी गोष्ट’ थोडक्यात बातमी समजावून सांगतं. अमित वर्मांचं ‘द सीन अँड द अनसीन’ इंग्रजीत आहे आणि एकेक भाग चार-चार, पाच-पाच तासांचा, हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला पोचलं तरी संपत नाही. ते माझी मुलगी ऐकते, मी नाही.

सगळंच चांगलं आहे असं पण नाही. हल्ली दोन खुर्च्या, दोन मोठे माईक, मागं निळा-जांभळा लाईट लावला की झालं पॉडकास्ट. पाहुणा काय पण फेकतो, अमुक काढा प्या साखर जाते, तमुक रत्न घाला धंदा चालतो, आणि समोरचा नुसता मान हलवत वा वा करतो, एक उलटा प्रश्न नाही. शिवाय हे सगळं यूट्यूबवर, स्क्रीन बंद केली की बिना पैशाच्या अकाउंटवर आवाज पण बंद, आणि व्हिडिओनं नेटपॅक दुपारपर्यंत खलास. खरं पॉडकास्ट म्हणजे कुठल्या पण ॲपमधे फुकट उतरवून घेता येतं, रात्री वायफायवर डाउनलोड केलं की दिवसभर नेट लागत नाही. गूगलचं पॉडकास्टचं ॲप २०२४ ला बंद झालं तेव्हा आम्ही दुसरं घेतलं, कार्यक्रम तेच, कुठं गेले नाहीत. ही साधी माहिती कुणीतरी मराठीत छापायला पाहिजे.

मुख्य मुद्दा पुढं आहे. क्युबात सिगारच्या कारखान्यात १८६५ पासून एक पद्धत आहे. कामगार ओळीनं बसून सिगार वळतात आणि उंच जागेवर बसून एक माणूस त्यांना मोठ्यानं वाचून दाखवतो, आधी पेपर, नंतर कादंबरी. त्याचा पगार मालक नाही, कामगार स्वतःच्या मजुरीतून गोळा करायचे, आणि कुठली कादंबरी वाचायची ते पण तेच ठरवायचे. मोंतेक्रिस्तो हे सिगारचं नाव अशाच एका लाडक्या कादंबरीवरून आलं म्हणतात. तिथल्या स्पॅनिश सरकारनं लगेच १८६६ ला बंदी घातली, कारण कामगार शहाणे व्हायला लागले, पण बंदी टिकली नाही. पुढं क्युबाचे कामगार फ्लोरिडातल्या टॅम्पाला गेले, तिथं पण वाचणारे ठेवले, आणि १९३१ ला मालकांनी त्यांना काढून त्या जागी रेडिओ बसवला.

आता मला सांगा साहेब, जगात हे वाचून सोलापूरकरांना जवळचं नाही वाटणार तर कुणाला. आपल्याकडं हजारो बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळतात. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतच दहा हजार घरं आहेत बिडी कामगारांची. पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा, हजाराचा हिशोब पुरा होईपर्यंत उठायचं नाही. हात अडकलेले, कान मोकळे. त्यांच्या कानात काय जातं? मोबाईलवरचे रील, तेच तेच. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात कन्नड आणि हिंदी, असं जे आपलं मिसळलेलं बोलणं आहे त्यात माझ्या ऐकण्यात तरी कुणी काही केलेलं नाही. पुण्याचा होस्ट पुण्याच्या पाहुण्याशी पुण्याचं बोलतो. चांगलं बोलतो, पण आमच्या बायका हसतात, म्हणतात हे लोक किती हळू आणि गोड बोलतात.

आणि सांगण्यासारखं आपल्याकडं कमी आहे का? १९३० चा मार्शल लॉ, नंतर १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले चौघं, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. डॉ. कोटणीस इथून चीनला गेले आणि तिथंच १९४२ ला वारले. ही नावं चौकात रोज दिसतात, पण त्या वेळी नेमकं काय झालं, कोण कुठल्या गल्लीतला, कुणाचा धंदा काय, हे पोरांना कुणी गोष्टीसारखं सांगत नाही. नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू मिलमधे काम केलेली माणसं अजून आहेत, भोंग्यावर घड्याळ लावणारी. त्यांची बोलणी आत्ता रेकॉर्ड केली नाहीत तर मग राहिलीच. तुमच्या बातमीदारांच्या खिशात फोन आहेच, बातमीसाठी माणसाला भेटतातच, अर्धा तास जास्त बसलं तर एक एपिसोड होतो. स्टुडिओ नको, जांभळा लाईट तर अजिबात नको.

हे मोठं काम झालं, ते जमेल तेव्हा करा. तोपर्यंत निदान शुक्रवारच्या पानावर एक चौकट द्या, आठवड्याला दोनच पॉडकास्ट. ती चौकट लिहायला जो माणूस खरोखर ऐकतो त्यालाच बसवा, कंपन्यांनी पाठवलेल्या जाहिराती उतरवून देणारा नको. आणि स्टार देऊ नका. किती मिनिटांचं आहे, कुठल्या भाषेत, पोरंबाळं बाजूला असताना लावता येतं का, आणि मधे व्हिडिओ बघायला लागतो की नुसतं ऐकून कळतं, एवढं छापा. खाली बारीक अक्षरात एवढं पण टाका की मशिनीवर बसणाऱ्यांनी एकाच कानात इअरफोन घालावा आणि कटिंग मशिनीवर तर घालूच नये, कारण आमच्या ओळखीतल्या एकीच्या बोटात सुई गेलेली आहे आणि त्या वेळी कानात फार रंगलेला एपिसोड चालू होता.

आपली,
एक नेहमीची वाचक
अक्कलकोट रोड, सोलापूर